पेटी, माग आणि मोटारसायकल

लहानपणी माझी पक्की समजूत होती की यामाहा नावाच्या दोन कंपन्या असणार. एक गल्लीतून फटफटत जाणाऱ्या आरएक्स 100 ची, दुसरी वाद्यांच्या दुकानातल्या कीबोर्डची. दोन्हींवर तीच तीन काट्यांची खूण असते, हे रोज बघूनही डोक्यात प्रकाश पडला नव्हता. ते नादकाटे आहेत. शाळेच्या प्रयोगशाळेत रबरावर आपटून आपण कानाशी धरायचो, तेच.

त्यांची गोष्ट 1887 सालची. टोकियो आणि नागोयाच्या मध्ये हामामात्सु नावाचं गाव आहे. इस्पितळातली उपकरणं दुरुस्त करणारा तोराकुसु यामाहा तिथे कामाला आला होता. गावातल्या शाळेची परदेशी पायपेटी बिघडली, तेव्हा तिच्यासाठीही त्यालाच बोलावलं. संगीत नाटकांत साथीला असायचा तसला हा ऑर्गन. तोराकुसुने तो खोलला, दोष काढला आणि बंद करण्याआधी आतल्या सगळ्या रचनेची चित्रं काढून घेतली. असला ऑर्गन आपणही बनवू शकू, असं त्याला वाटलं. एका धातुकाम करणाऱ्या मित्राला हाताशी धरून त्याने तो बनवलाही. मग दोघांनी तो बांबूला बांधून खांद्यावर घेतला आणि हाकोनेचा घाट चढून थेट टोकियोची संगीतसंस्था गाठली. तिथल्या जाणकारांनी वाजवून पाहिला आणि सांगितलं, घडण चांगली आहे, पण सूर लागलेले नाहीत.

मला या गोष्टीतला पुढचा भाग जास्त आवडतो. तोराकुसु पेटी उचलून तडक परत गेला नाही. तिथेच थांबून सूरशास्त्र शिकला. दुसरी पेटी सुरेल निघाली.

पेटीसाठी लाकूड घडवणारे हात 1921 पासून विमानांचे लाकडी पंखे बनवू लागले, पुढे धातूचेही. दुसरं महायुद्ध संपल्यावर त्या कामाची यंत्रं पडून राहिली. त्यांचं करायचं काय, या प्रश्नातून 1955 मध्ये मोटारसायकल निघाली आणि तिच्यासाठी कंपनीही वेगळी काढली. म्हणजे माझी बालसमजूत कागदोपत्री अगदीच चुकीची नव्हती.

याच हामामात्सुत मिचिओ सुझुकी हा सुतारकाम शिकलेला तरुण होता. त्याने आईसाठी पायाने चालवायचा लाकडी माग केला. शेजारणींनाही तसा हवा झाला आणि 1909 मध्ये त्याचा कारखाना उभा राहिला. तिथले माग आग्नेय आशियात सारोंग विणायलाही गेले. आपल्याकडे मारुतीच्या जोडीने घरोघर पोचलेलं हे नाव चाळीसेक वर्षं निव्वळ मागवाल्याचं होतं. युद्धानंतर कापडधंदा मंदावला, तेव्हा कारखान्याने 1952 मध्ये सायकलला जोडायचं 36 सीसीचं इंजिन काढलं.

सायकलला इंजिन जोडायची क्लृप्ती गावात नवी नव्हती. सोइचिरो होंडाने 1946 मध्येच लष्कराच्या वायरलेस संचांची छोटी इंजिनं मिळवून ती सायकलींवर बसवली होती. पेट्रोलची टाकी कुठून आणायची? थंडीत अंथरुणात घ्यायची गरम पाण्याची पिशवी जपानात पत्र्याची असे. पहिल्या सायकलीवर टाकी म्हणून तीच बसवली. होंडाच्या हातात तेव्हा थोडा पैसा होता. पिस्टन रिंगचा आपला कारखाना त्याने आदल्याच वर्षी टोयोटाला विकला होता.

टोयोटाचा माणूसही याच भागातला. साकिची तोयोदा हा सुताराचा मुलगा. आईला हातमागावर राबताना बघत वाढला. आयुष्यभर त्याने मागच सुधारले. 1924 च्या त्याच्या मागात कांडी संपत आली की माग न थांबताच धोटा बदलला जाई, आणि धागा तुटला की माग आपोआप थांबे. इचलकरंजीच्या कुठल्याही विणकराला याचं मोल सांगावं लागणार नाही. तुटका धागा वेळेवर दिसला नाही तर गजभर कापड वाया जातं, म्हणून तर माणूस मागाला खिळून राहतो. या मागापाशी तो खिळेना, आणि एकटा माणूस कितीतरी माग सांभाळू लागला. चूक दिसताच काम थांबवायची टोयोटाची पुढे जगभर गाजलेली पद्धत या तुटक्या धाग्यातूनच आली आहे.

1929 मध्ये या मागाचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने विकत घेतले. मँचेस्टरजवळच्या, यंत्रमागांच्या माहेरघरच्या कंपनीने जपानी सुताराच्या मुलाकडून माग विकत घ्यावा, ही बातमी तेव्हा केवढी वाटली असेल! साकिचीचा मुलगा किइचिरो मोटारींच्या मागे लागला आणि 1937 मध्ये मोटारींची स्वतंत्र कंपनी झाली. आडनाव तोयोदा असून गाडी मात्र टोयोटा, कारण जपानी कताकाना लिपीत ते आठ फटकाऱ्यांत लिहून होतं, आणि आठ हा आकडा तिथे शुभ.

टोयोटाने 1997 मध्ये बंगळुरूजवळच्या मोटारींच्या कारखान्यासाठी किर्लोस्करांशी भागीदारी केली, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. त्या घराण्याची सुरुवात बेळगावातल्या सायकलच्या दुकानापासून आणि लोखंडी नांगरापासून झालेली. पण या दोन घराण्यांची गाठ त्याआधीच, 1995 मध्ये पडली होती. तेव्हा त्यांनी मिळून काढलेला कारखाना होता सूतकताईच्या यंत्रांचा.