प्रत्यारोपणानंतरचा जुनाट ‘जीव्हीएचडी’ किती गंभीर?

चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेलचे रुग्ण बरेच. काहींवर अस्थिमज्जा प्रत्यारोपण होते. दाता म्हणून सख्खे भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के. प्रत्यारोपणानंतर दात्याच्या प्रतिकारपेशी रुग्णाच्याच अवयवांवर उलटल्या, तर तो जीव्हीएचडी.

जुनाट जीव्हीएचडीची तीव्रता अवयवांच्या हानीवरून ठरते. त्वचा, तोंड, डोळे, पचनमार्ग, यकृत, फुप्फुसे, सांधे, जननेंद्रिये: प्रत्येकाला ० ते ३ गुण.

- सौम्य: एक-दोन अवयवांना १, फुप्फुसे शाबूत.
- मध्यम: तीन किंवा जास्त अवयवांना १, वा फुप्फुसे सोडून एखाद्याला २. फुप्फुसांना १ असला तरी मध्यमच.
- तीव्र: कुठेही ३. फुप्फुसांना २ पुरेत.

फुप्फुसांना निकष कडक, कारण तिथली हानी सहसा भरून येत नाही. सुरुवातीला धाप जाणवतेच असे नाही. म्हणून श्वासक्षमतेची चाचणी ठरावीक काळाने होते.

कोरडे डोळे, तोंडात पांढरे चट्टे, ताठरलेली कातडी दिसताच प्रत्यारोपण केंद्राला कळवावे. औषधे परस्पर बंद करू नयेत.