बाहीतला सिंह

आमच्या इंझोरीत कुत्रा म्हटला की तो शेत राखणारा आणि रात्री वाटसरूवर धावून जाणारा. त्यामुळे धाकट्या बहिणीने पुण्याहून आणलेले साडेचार किलोंचे चपटनाके, केसाळ गाठोडे ओसरीवर बसले, तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलेच, "सर, हे मांजर होय का कुत्रं?"

हा पेकिनीज. आपल्याकडे विरळाच. चीनच्या राजवाड्यात या जातीचे फार कौतुक. त्यातले इवले कुत्रे अंगरख्याच्या रुंद बाहीत घालून मिरवीत. १८६० साली इंग्रज-फ्रेंच फौजांनी पेकिंगजवळचा उन्हाळी राजवाडा लुटला. (त्या फौजेत हिंदी पलटणीही होत्या, हे आपण सोयीने विसरतो.) तेथे सापडलेल्या पाच कुत्र्यांपैकी एक व्हिक्टोरिया राणीला नजर झाली. तिचे नाव ठेवले 'लूटी'! इंग्रजीने आपल्याकडून उचललेला शब्द असा राणीच्या मांडीवर जाऊन बसला, याची मराठीच्या मास्तराला गंमत वाटणारच. लूटी १८७२ साली वारली.

स्वभाव अजून दरबारीच. हाक मारली की स्वारी ऐकते, विचार करते आणि मग पटल्यास येते. जीव बहुधा घरातल्या एकाच माणसावर. पोरांची ओढाताण मात्र मुळीच खपत नाही.

खरी परीक्षा वैशाखात. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. तो धापा टाकून अंग निववतो. या बिचाऱ्याचे नाकच माणसांनी हौसेपायी पिढ्यान्‌पिढ्या आखूड करून ठेवलेले. २००८ साली ब्रिटनच्या केनेल क्लबने मापदंड बदलला आणि नाकाड स्पष्ट दिसले पाहिजे, असे ठरवले. उशिराचे का होईना, शहाणपण! पण आमच्याकडे पारा पंचेचाळिसाला टेकतो. म्हणून फिरणे सूर्योदयापूर्वी, दुपारी कूलरपुढे मुक्काम, गळपट्ट्याऐवजी छातीपट्टा. श्वास घरघरू लागला, जीभ जांभळी पडली, तर अंगावर साधे गार पाणी, पंखा आणि तडक पशुवैद्य. उन्हाळा आला म्हणून केस भादरू नयेत, रोज विंचरावेत. चेहऱ्याच्या घड्या कोरड्या पुसाव्यात. डोळे बटबटीत, चटकन दुखावणारे. लाली दिसली तर उद्यावर टाकू नये. पाठ लांब आणि नाजूक, तेव्हा उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागल्या पायांखाली.

हल्ली ओळखीचे कोणी विचारतात, "आम्हीही असला आणू का?" मी आधी एवढेच विचारतो, मे महिन्यात दुपारी तुमच्या घरी कोण असते? आणि वीज गेली तर?