आधी ऊस, मग कारखाना

आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी वेळापूरला मुक्कामास येते. त्या दिवसासाठी माल भरताना गावचा दुकानदार मागील वर्षाची विक्री आठवतो. नवा जिन्नस असेल तर आधी थोडाच आणतो. व्यापाराचे हे जुने शहाणपण आज अनेक घरांत कसोटीला लागले आहे. शिकून आलेला मुलगा स्टार्टअपची कल्पना मांडतो आणि पेढीचे साठलेले भांडवल एकदम मागतो. ग्राहक मात्र अजून मिळालेला नसतो. होकार दिला तर पिढ्यांची पुंजी पणाला लागते. नकार दिला तर मुलाची उमेद खचते.

या प्रश्नाची दोन उत्तरे सोलापूर जिल्ह्याच्याच इतिहासात सापडतात.

पहिले वेळापूरजवळच्या माळीनगरचे. सासवडकडील माळी शेतकऱ्यांनी नीरा कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकविला, गूळ केला. जमीन, पाणी आणि पीक यांची पारख झाल्यावरच १९३२ साली त्यांनी साखर कारखान्यासाठी कंपनी स्थापन केली. त्याच वर्षी सरकारने देशी साखरेस आयात मालापासून संरक्षण दिले. भांडवल मोठे होते, पण ते अनुभवामागून आले.

दुसरे सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद दोशी यांचे. रेल्वेच्या ठेकेदारीत नाव कमावून १९१९ साली ते सहकाऱ्यांसह जहाजव्यवसायात उतरले. सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ जहाज ५ एप्रिलला मुंबईहून लंडनला निघाले. तो मार्ग आपल्याला परवडेल, याचा कोणताही पुरावा हाती नव्हता. ब्रिटिश कंपन्यांनी भाड्याचे दर पाडले, आणि १९२३ साली ‘लॉयल्टी’ मोडीत निघाले. तरीही कंपनी तगली. भांडवल एका घराचे नसून असंख्य भागधारकांचे होते आणि सारी मदार एकाच जहाजावर नव्हती.

अर्धे जहाज समुद्रात सोडता येत नाही. म्हणून काही उद्योगांना आरंभीच मोठी रक्कम लागते, हे मान्य करावेच लागते. परंतु किराणा घरपोच देणे हा तसा उद्योग नव्हे. अमेरिकेतील वेबव्हॅन कंपनीने एका शहरातही नफा दिसण्यापूर्वी अनेक शहरांसाठी प्रचंड गोदामांचा घाट घातला आणि २००१ साली दिवाळे काढले. जे एका पेठेत अजमावता आले असते, ते तिने साऱ्या देशात एकाच वेळी अजमावले.

म्हणून वडीलधाऱ्यांनी ‘किती हवे?’ याआधी ‘लहान प्रमाणात काय अजमावता येईल?’ हे विचारावे. पहिली रक्कम तेवढ्यापुरतीच द्यावी. ग्राहक स्वतःच्या पैशाने दुसऱ्यांदा परतला, की पुढचा हप्ता द्यावा. रक्कम एकदमच लागणार असेल, तर जोखीम अनेकांत वाटावी आणि राहते घर, मुलींचे शिक्षण व देणेकऱ्यांचा पैसा तीत कधीही गुंतवू नये. अशा अटींवर दिलेला होकार मुलाची उमेद राखतो आणि पेढीची पतही.