मातीतला जिवाणू आणि ज्ञानाची मक्तेदारी

बी.टी. कापसावर २००२ पासून आपल्याकडे भरपूर लिहून आले. कुणी त्याला शेतकऱ्याचा तारणहार म्हटले, तर कुणी कर्दनकाळ. पण हे बियाणे मुळात तयार कसे होते आणि ते तयार करण्याची किल्ली कुणाच्या हाती आहे, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. बहुजन समाजाने नेमका हाच प्रश्न विचारला पाहिजे.

मातीत ॲग्रोबॅक्टेरियम नावाचा एक जिवाणू असतो. झाडाला जखम झाली की तो आपल्या जनुकांचा एक तुकडा झाडाच्या पेशीत घुसवतो. तिथे गाठ येते आणि त्या गाठीत जिवाणूसाठी अन्न तयार होऊ लागते. १९७७ मध्ये अमेरिकेत मेरी-डेल चिल्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सिद्ध केले. १९८३ पर्यंत शास्त्रज्ञांनी गाठ आणणारी जनुके काढून त्यांच्या जागी हवे ते जनुक ठेवले आणि तेही झाडात पोचते हे दाखवून दिले. आपल्याकडे आलेल्या बी.टी. कापसाचे मूळ अमेरिकन वाणही याच जिवाणूकडून घडवून घेतलेले आहे.

जिवाणू निसर्गाचा, पायाभूत शोध बराचसा विद्यापीठांतला. पण या पद्धतीवर पेटंटचे कुंपण पडले आणि मोठ्या कंपन्या त्यासाठी वर्षानुवर्षे कोर्टात भांडत राहिल्या. साधन, जनुक आणि बियाणे या तिन्हींवर मोजक्यांचा हात असला की काय होते, हे विदर्भ-मराठवाड्याच्या शेतकऱ्याने भोगले आहे. ४५० ग्रॅमच्या पाकिटाला सोळाशेच्या घरात रुपये मोजावे लागत आणि त्यातले साडेबाराशे केवळ तंत्रज्ञानाचे शुल्क! २००६ मध्ये आंध्र सरकार मक्तेदारी आयोगाकडे गेले, तेव्हा कुठे भाव साडेसातशेवर आला.

या कुंपणाला पहिला मोठा छेद दिला तो ऑस्ट्रेलियातील कँबिया या संस्थेने. रिचर्ड जेफरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवून दिले, की हे काम एकट्या ॲग्रोबॅक्टेरियमचेच नाही. त्यांनी निवडलेले जिवाणू होते रायझोबियमच्या गोतावळ्यातले. तूर-हरभरा पेरताना आपला शेतकरी ज्या रायझोबियमची बीजप्रक्रिया करतो, त्याचेच हे भाऊबंद. आवश्यक जनुके दिल्यावर या जिवाणूंनी तंबाखू आणि भातापर्यंत जनुके पोचवली. यश कमी प्रमाणात आले, पण वाट दिसली. ही पद्धत संस्थेने सामायिक परवान्याखाली खुली केली. अट अशी, की सुधारणा केली तर तीही परवाना घेणाऱ्या इतरांसाठी खुली ठेवावी.

पण कागदावर खुले झाले म्हणजे मिळाले काय? महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे १९२४ मध्येच ठरावाने खुले केले होते. तरी पाण्याला हात लावायला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो लोकांसह तिथे जावे लागले. ज्ञानाच्या तळ्याचेही तसेच आहे. २००९ मध्ये नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि धारवाडचे कृषी विद्यापीठ यांनी 'बिकानेरी नरमा' हे बी.टी. वाण आणले. त्याचे बी घरी राखून पुन्हा पेरता येणार होते. पण त्यात मोन्सान्टोच्याच जनुकरचनेचा अंश सापडला आणि ते मागे घ्यावे लागले. सरकारी संशोधनाच्या या नामुष्कीची किंमत गरीब शेतकऱ्यानेच मोजली.

त्या काळातल्या अनेक पेटंटांची मुदत आता संपली आहे. परंतु नवे कुंपण उभे राहिले आहे. मे २०२५ मध्ये केंद्राने जनुक-संपादित भाताची दोन वाणे जाहीर केली. मात्र जनुके कापण्याच्या 'क्रिस्पर' तंत्रावर पुन्हा परदेशी पेटंटे आहेतच.

बाबासाहेबांनी १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात सामुदायिक शेतीला पाणी, अवजारे, खत यांच्याबरोबर बियाणे पुरवणे हीही राज्याची जबाबदारी मानली होती. गायरान कसणाऱ्याच्या ज्वारी-तुरीत कंपनीला नफा दिसत नाही. त्याच्यासाठी पुन्हा पेरता येणारे बी सरकारी प्रयोगशाळेतच तयार झाले पाहिजे. म्हणून कृषी विद्यापीठांतली राखीव पदे भरा, आपल्या मुलामुलींच्या शिष्यवृत्त्या वेळेवर द्या आणि जनतेच्या पैशातून झालेले संशोधन जनतेसाठी खुले ठेवा, ही मागणी आरक्षणाच्या लढ्याइतक्याच जोरात झाली पाहिजे. ज्यांना हजारो वर्षे अक्षरापासून दूर ठेवले, त्यांनी आता जनुकाच्या अक्षरांपासून दूर राहणे परवडणारे नाही.