जोर हवा तर पाय उचला

मागच्या वर्षी सप्टेंबरात आमचे दाजी सांगलीहून महिनाभर पेनसिल्व्हेनियाला आले. वाळवा तालुक्यात त्यांनी 30 वर्षं ट्रॅक्टर चालवलाय, उसाच्या भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या कारखान्याच्या काट्यावर नेल्या आहेत. आमच्या उतारावरच्या जागेत लाकूडफाटा, माती, गवताचे गठ्ठे वाहायला एक डिझेलवरची युटिलिटी गाडी आहे. दोन सीट, मागे उलटणारा हौदा आणि हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन. पहिल्याच सकाळी दाजींनी हौद्यात ओलं लाकूड भरलं आणि चढाला लागले. अर्ध्यात गाडी मंदावली. त्यांनी पाय दाबला. गाडी आणखी मंदावली आणि खालून शिट्टीसारखा आवाज चढत गेला. मग त्यांनी पेडल पार तळाला नेलं, तशी गाडी जागेवर उभी राहिली. डावा पाय क्लच शोधत होता. या गाडीला क्लचच नाही.

"दाजी, पाय उचला."

"आरं, पाय उचलल्यावर गाडी मागं यील की!"

"सगळा नका उचलू. बोटभर."

त्यांनी उचलला. शिट्टी खाली आली, इंजिनाला दम आला आणि गाडी सावकाश चढ चढून वर गेली. दाजी काही बोलले नाहीत, पण वर पोचल्यावर उतरून गाडीखाली वाकून बघत राहिले.

हायड्रोस्टॅटिक गाडीबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज हाच की जोर कमी पडला तर पेडल आणखी दाबायचं. मोटारीत आणि मोटरसायकलीत आपल्या पायाला आणि मनगटाला हेच वळण लागलेलं असतं, म्हणून ते सुटायला वेळ लागतो. खरं काय होतं ते समजायला गाडीच्या पोटात जावं लागेल.

इंजिन एक पंप फिरवतं. या पंपात गोल मांडलेले पिस्टन असतात, बहुधा सात किंवा नऊ, आणि ते एका तिरप्या होऊ शकणाऱ्या प्लेटवर टेकलेले असतात. तिला स्वॉश प्लेट म्हणतात. प्लेट सरळ असेल तर पंप नुसता फिरतो, पिस्टन आत-बाहेर होत नाहीत, तेल ढकललं जात नाही. गाडी न्यूट्रलला असते ती अशी. पेडल दाबलं की प्लेट तिरपी होते, पिस्टन तेल ढकलू लागतात आणि ते तेल दुसऱ्या बाजूच्या हायड्रॉलिक मोटरला फिरवतं. मोटर पुढे चाकांना फिरवते. तेल मोटरमधून परत पंपाकडे येतं, बंद फेऱ्यात. मधे झिरपून जे कमी होतं ते भरून काढायला एक छोटा चार्ज पंप असतो.

म्हणजे पेडलनं आपण प्लेटचा कोन ठरवतो. कोन जास्त तितकं प्रत्येक फेऱ्याला तेल जास्त, वेग जास्त. पण इंजिनाची ताकद तेवढीच आहे. ती जास्त तेल ढकलण्यात गेली तर दाब देण्यासाठी उरत नाही, आणि चाकाला जोर मिळतो तो दाबातून. तेल कमी केलं की तीच ताकद दाबात उतरते. चढावर पाय थोडा उचलणं म्हणजे ट्रॅक्टर चौथ्यातून दुसऱ्या गियरमध्ये टाकणं. आणि पेडल तळाला नेऊन चढाशी झोंबणं म्हणजे टॉप गियरमध्ये नांगर ओढायला जाणं. ओझं फारच झालं तर रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो, तेल चाकांना न फिरवता वळसा घालून परत जातं आणि सगळी ताकद उष्णता होऊन तेल तापवत बसते. दाजींनी ऐकलेली शिट्टी ती हीच.

इथे एक बारकावा आहे. लहान ट्रॅक्टरवर इंजिनाचा वेग हाताच्या थ्रॉटलनं ठरतो आणि पेडल फक्त प्लेट हलवतं. युटिलिटी गाड्यांत बहुधा एकच पेडल दोन्ही सांभाळतं. तिथे पाय फार उचलला तर इंजिनही खाली येतं, म्हणून मी बोटभर म्हणालो. काही नव्या गाड्या ओझं ओळखून प्लेट आपोआप सरळ करतात. पण चढ खरोखर खडा असेल आणि हौदा भरलेला असेल, तर पायाच्या कसरतीपेक्षा पायथ्याशी थांबून लो रेंज टाकलेली बरी.

रेंजच्या लिव्हरवरूनही लोकांची फसगत होते. लो, मीडियम, हाय असं लिहिलेलं दिसलं की चालत्या गाडीत गियर बदलल्यासारखं ते बदलायला जातात. ही लिव्हर हायड्रॉलिक मोटरनंतरच्या साध्या दात्यांच्या गियरपेटीची आहे. गाडी पूर्ण थांबवायची, पेडलवरून पाय काढायचा, ब्रेक दाबायचा आणि मग लिव्हर हलवायची. दात बसत नसतील तर जबरदस्ती नको; पेडलला किंचित स्पर्श करून पुन्हा प्रयत्न करायचा. उतारावर गाडी गियरवर टेकवून उभी केली असेल, तर दात्यांवर ताण येऊन लिव्हर अडकून बसते. त्यामुळे थांबताना आधी पार्किंग ब्रेक, मग पायब्रेक सोडणं. हा क्रम आमच्या घरी सगळ्यांना पाठ आहे.

आता ज्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते त्या गोष्टीकडे येतो. उतार.

गावाकडे डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करायची सवय किती जणांना आहे! ट्रॅक्टरवरही ती घातक आहेच, पण हायड्रोस्टॅटिक गाडीत तर आपण हातातला मुख्य लगामच टाकून देतो. पेडलवरचा पाय हलका केला की प्लेट सरळ होत जाते आणि फिरणाऱ्या चाकांना तेल वाट देत नाही. मोटर पंपासारखी वागते, पंप मोटरसारखा, आणि चाकांना इंजिनाच्या कॉम्प्रेशनशी झगडावं लागतं. त्यामुळे गाडी आपोआप धरली जाते. रेंजची लिव्हर न्यूट्रलला नेली की चाकांचा आणि तेलाचा संबंध तुटतो. मग उरतो फक्त पायब्रेक, तोही भरल्या हौद्यासह. म्हणून उतार सुरू होण्याआधीच लो रेंज आणि पाय पेडलवर हलका. लिव्हरला हात लावायचा नाही.

याच्या उलटही एक चूक होते. पाय एकदम उचलला तर गाडी ब्रेक मारल्यासारखी थबकते. मागे ट्रॉली असेल तर ती ढकलते, मागची चाकं निसटतात, वळणावर गाडी आडवी फिरू शकते. ओल्या गवतावर हे मी एकदा अनुभवलं. त्या दिवशी कुणी सोबत नव्हतं, हे सुदैव. पाय उचलायचा तो मलई काढल्यासारखा, अलगद.

तेल इतकं धरून ठेवतं म्हटल्यावर बंद गाडी उभी करताना पार्किंग ब्रेकची गरज काय, असं दाजींनीही विचारलं. मी त्यांना दाखवलंच. हलक्या उतारावर इंजिन बंद केलं, ब्रेक न लावता पुढच्या चाकापासून चार बोटांवर एक विटेचा तुकडा ठेवला आणि आम्ही जवळच बसून राहिलो. चहा संपेपर्यंत चाक विटेला टेकलं होतं. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यात बारीक फट असतेच. त्यातून तेल झिरपत राहतं आणि भरल्या गाडीचं वजन ते झिरपवतच राहतं. म्हणून पार्किंग ब्रेक नेहमीच लावायचा, आणि उतार जास्त असेल तर चाकाखाली दगडही.

"हे म्हणजे आपल्या जेसीबीसारखंच की" असं बरेचजण म्हणतात. नाही. गावोगावच्या बॅकहो लोडरमध्ये बहुधा टॉर्क कन्व्हर्टर असतो. तिथे एक पातं तेल उडवतं आणि त्या वाहत्या तेलाच्या वेगानं दुसरं पातं फिरतं. हायड्रोस्टॅटिकमध्ये तेलाच्या वेगापेक्षा त्याचा दाब काम करतो. म्हणून कन्व्हर्टरच्या गाडीत पाय सोडला की ती बरीच घरंगळते, आणि आमची थबकते. पट्ट्याचं सीव्हीटी असलेल्या युटिलिटी गाड्यांचीही हिच्याशी गल्लत करतात. त्यांचा पट्टा ओझ्याखाली घसरून जळू शकतो. इथे पट्टाच नाही.

"ताकद कमी असते" हा मात्र निम्मा खरा आक्षेप आहे. चांगलं गियर ट्रान्समिशन इंजिनाची 90 टक्क्यांहून जास्त ताकद चाकापर्यंत नेतं. हायड्रोस्टॅटिक साधारण 70 ते 80 टक्के नेतं, बाकीची तेल तापवण्यात जाते. दिवसभर एका वेगानं नांगरायचं असेल तर मी स्वतः गियरचाच ट्रॅक्टर घेईन. पण दिवसातून शंभर वेळा पुढे-मागे जायचं असेल, मुंगीच्या पावलानं सरकायचं असेल, तर हिच्या तोडीचं दुसरं काही नाही. इंटरनॅशनल हार्वेस्टरनं 1967 मध्ये 656 या ट्रॅक्टरवर हे ट्रान्समिशन दिलं, तेव्हापासून शेतकऱ्यांचा हा वाद चालू आहे. तंत्र त्याहून जुनं आहे; विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युद्धनौकांवरच्या तोफा वळवायला ते वापरलं गेलं.

महाराष्ट्रातही ते परकं नाही, नाव मात्र फारसं कुणी घेत नाही. भंडारा-गोंदियाच्या धानाच्या बांध्यांत फिरणारे पट्ट्यांचे हार्वेस्टर, रस्त्याच्या कामावरचे कंप देणारे रोलर, ऊसतोडणीची मोठी यंत्रं यांच्या पोटात हीच रचना असते. पेडलऐवजी हातात लिव्हर, इतकंच. बांधीतल्या चिखलात अडकलेला हार्वेस्टर लिव्हर पुढे ढकलून निघत नाही; ती थोडी मागे घ्यावी लागते.

तेलाबाबत मी कुणाचंच ऐकत नाही, पुस्तिकेचं सोडून. "हायड्रॉलिक तेल म्हणजे हायड्रॉलिक तेल, काय मिळेल ते घाला" हे वाक्य ट्रान्समिशनचा जीव घेतं. पुष्कळ गाड्यांत तेच तेल गियरपेटीलाही वंगण देतं आणि तेलात बुडालेल्या ब्रेकनाही. आतल्या फटी काही मायक्रॉनच्या असतात. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन. टाकीचं झाकण उघडण्यापूर्वी भोवतीची धूळ मी फडक्यानं पुसतो, दरवेळी. पहिला फिल्टर बऱ्याच गाड्यांत 50 तासांनीच बदलायचा असतो, कारण नव्या भागांची झिजून आलेली धातूची पूड त्यात साठते. डिपस्टिकवरचं तेल ताकासारखं पांढुरकं दिसलं तर आत पाणी गेलंय. तशी गाडी चालवायची नाही. कूलरच्या जाळीत गवताचा भुसा अडकला तर तेल तापतं, पातळ होतं आणि गाडी दुपारी सकाळपेक्षा मरगळलेली वाटते.

आवाजाचं थोडक्यात: एकसुरी गुणगुण ही या यंत्राची नेहमीची. जानेवारीत, पारा शून्याखाली असताना, तेल दाट झाल्यानं ती वाढते. मी चार-पाच मिनिटं इंजिन मंद चालू देतो. खडखड किंवा गुरगुर ऐकू आली तर मात्र थांबून तेलाची पातळी बघावी. बहुधा तेलाबरोबर हवा ओढली जात असते. आणि गाडी बंद पडली तर तशीच ओढून न्यायची नाही. आधी रेंज न्यूट्रल करायची, किंवा पुस्तिकेत सांगितला असेल तो बायपास उघडायचा. नाहीतर चाकं मोटरला कोरडी फिरवतात आणि पंपाच्या दुरुस्तीचा खर्च दारात येतो.

चौथ्या दिवशी दाजींनी पुन्हा लाकूड भरलं. मी वर उभा होतो. चढाच्या आधी ते थांबले, लिव्हर लो वर गेली, मग गाडी त्याच शांत गुणगुणीत चढत आली. मधल्या खड्या टप्प्यावर शिट्टी सुरू व्हायच्या आत त्यांचा उजवा पाय बोटभर वर आला. डावा पाय मात्र त्याच क्षणी फळीवर दाबला गेला, 30 वर्षं जिथे क्लच होता तिथे.