कूलिंग टॉवर आणि वाऱ्याची ओढ

शेगावहून अकोल्याकडे निघालेली गाडी बुलढाणा जिल्हा सोडते न सोडते तोच पारसचे औष्णिक वीज केंद्र येते. अशा केंद्रांत नजर जाते ती धुराड्याकडे. पण वाऱ्याचा खरा अवघड हिशेब कंबरेत बारीक झालेल्या अवाढव्य कूलिंग टॉवरचा असतो. चंद्रपूरच्या ऊर्जानगरात असे टॉवर पाहायला मिळतात.

हा आकार 1918 साली व्हान इटरसन आणि कुयपर्स या डच अभियंत्यांनी दिला. शंभर मीटरहून उंच टॉवरचे काँक्रीट कवच बऱ्याच उंचीपर्यंत जेमतेम वीतभर जाड असते. घेराच्या मानाने ते अंड्याच्या टरफलाहूनही पातळ ठरते.

वारा टॉवरला ढकलतो, हे अर्धेच खरे. समोरच्या अरुंद पट्ट्यावरच दाब येतो. दोन्ही बगलांना वारा कवच बाहेर ओढतो, आणि ही ओढ समोरच्या दाबाहून जास्त असू शकते. वाऱ्याकडची बाजू पायथ्यातून उचलली जाऊ पाहते. तिला धरून ठेवते टॉवरचे स्वतःचे वजन; उरलेला ताण उभ्या सळया घेतात.

खरी मेख इथेच आहे. समजा, वजनाची पकड 100 आणि वाऱ्याची उचल 110. सळयांवर आले 10. वाऱ्याचा वेग अवघा पाच टक्क्यांनी वाढला, तर दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. उचल 121 होते आणि सळयांवरचा ताण 21, म्हणजे दुपटीहून अधिक!

इंग्लंडमध्ये फेरीब्रिजच्या वीज केंद्रात 1 नोव्हेंबर 1965 रोजी हेच भोवले. आठपैकी तीन टॉवर कोसळले. हिशेबात सरासरी वारा धरला होता, झोत धरले नव्हते. आणि पडले ते पुढच्या रांगेतले नव्हेत, तर मागचे: पुढच्या टॉवरांमधून घुसलेला खवळलेला वारा त्यांच्यावर आदळला. आडोसाच घातक ठरला.

आज वाऱ्याच्या बोगद्यात टॉवरची प्रतिकृती शेजाऱ्यांसकट ठेवून तपासतात. आपल्याकडे या टॉवरांसाठी 1985 चे भारतीय मानक 11504 आहे. वाऱ्याच्या मानकात नागपूरसाठी मूळ वेग सेकंदाला 44 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 158 किलोमीटर, धरला आहे, आणि तो तीन सेकंदांच्या झोताचा आहे. राजस्थानात कालीसिंधच्या वीज केंद्रात तर 202 मीटर उंचीचे टॉवर उभे राहिले.

माझा आग्रह जुन्या टॉवरांबद्दल आहे. चंद्रपुरात प्रत्येकी 500 मेगावॅटचे आठवा आणि नववा हे संच नंतर आले. शेजारी नवे बांधकाम झाले की जुन्या टॉवरवरचा वारा बदलतो; तोवर त्याच्या सळयाही ओलाव्याने गंजू लागलेल्या असू शकतात. म्हणून प्रत्येक विस्ताराच्या वेळी जुन्या टॉवरचा हिशेब, आज आहेत त्या सळयांनिशी, नव्याने मांडला पाहिजे.