आंबलेल्या कणकेंतील चिकटा

ज्या द्रव्याच्या योगानें पदार्थ आंबतो त्यास संस्कृतांत ‘किण्व’ म्हणतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत मद्याच्या प्रकरणीं हा शब्द आढळतो. त्या किण्वांत सजीव सूक्ष्मजंतु असतात ही गोष्ट मात्र एकोणिसाव्या शतकांत पाश्चरप्रभृति शास्त्रज्ञांनीं सिद्ध केली. हे जंतु अम्ल करितात, वायु करितात, हें सुशिक्षित वाचकांस ठाऊक असतेंच. परंतु कित्येक दुग्धाम्लजंतु साध्या साखरेपासून लांबच लांब माळा गुंफितात, हा त्यांचा तिसरा उद्योग फारसा कोणाच्या कानांवर आलेला नसतो. दह्यास कधीं कधीं तार सुटते ती अशाच एका माळेमुळें. युरोप-अमेरिकेंत पीठ पाण्यांत भिजवून, त्यांत वारंवार ताजें पीठ घालीत पावाचें जें आंबट खमीर राखतात, त्यांतहि हेंच घडतें.

इक्षुशर्करेच्या प्रत्येक रेणूंत द्राक्षशर्करा व फलशर्करा यांची जोडी असते. ल्यूकोनॉस्टॉक नामक जंतु आपल्या देहाबाहेर एक विकर सोडतो. तें ही जोडी फोडतें, आणि तुटलेल्या सांध्यांतील शक्ति वायां न दवडतां तिच्याच बळावर द्राक्षशर्करेचा कण वाढत्या माळेस जोडून देतें. सोनारानें जुना सांधा सोडवून त्याच आंचेवर नवा जोडावा, तसेंच हें! या माळेस डेक्स्ट्रन म्हणतात. हें नांव शायब्लर या जर्मन रसायनज्ञानें १८७४ सालीं दिलें. स्टार्चहि द्राक्षशर्करेचाच, परंतु त्याचे सांधे निराळ्या जागीं असतात. फलशर्करेची माळ करणारे जंतूहि आहेत. सान फ्रान्सिस्कोच्या प्रसिद्ध आंबट पावांतील जो जंतु १९७१ सालीं वर्णिला गेला व ज्यास त्या नगराचेंच नांव मिळालें, त्याचे कांहीं वाण अशी माळ करितात. तिला लेव्हन म्हणतात.

साखर कारखानदारांचें डेक्स्ट्रनशीं जुनें वैर आहे. तोडलेला ऊस पडून राहिला कीं ल्यूकोनॉस्टॉक त्यांत शिरतो. साखर घटते आणि रस बुळबुळीत होऊन गाळण्यास जड जातो. उलट स्वीडनांत ग्रोनवाल व इंगेलमन यांनीं १९४० नंतरच्या दशकांत याच चिकट्यापासून, रक्तस्राव झालेल्या रोग्याच्या शिरेंतून देण्याचें द्रावण सिद्ध केलें. आपल्याकडील इडलीचें पीठ फुगतें तेंहि मुख्यतः याच जंतूमुळें, असें १९६५ सालच्या संशोधनांत आढळलें.

पावांत डेक्स्ट्रन पाणी धरून ठेवतें. त्यामुळें पाव मऊ राहतो व उशिरां शिळा होतो. युरोपीय संघानें २००१ सालीं पावांत शेंकडा ५ पर्यंत डेक्स्ट्रनयुक्त द्रव्य घालण्यास अनुमति दिली. मला मात्र तें बाहेरून न मिसळतां खमीरांतच होऊं देण्याची रीत अधिक पटते. पिठांत इक्षुशर्करा अत्यल्प असल्यानें त्यासाठीं थोडी साखर घालावी लागते, एवढेंच. खरी अडचण पुढें येते. मोकळ्या झालेल्या फलशर्करेचें ल्यूकोनॉस्टॉक मॅनिटॉल करितो, आणि त्या ओघांत शिरक्यांतील अम्ल अधिक निपजतें. तें वाढलें कीं पाव आंबट व बसका होऊन डेक्स्ट्रनचा गुण झांकला जातो. वाइसेला या जंतूचे पावास उपयोगी पडणारे वाण मॅनिटॉल करीत नाहींत. त्यामुळें त्यांचें खमीर सौम्य राहतें.

गव्हांतील ग्लूटेन ज्यांस मुळींच सोसत नाहीं, त्या सिलिॲक रोग्यांस या गोष्टीचें मोल विशेष आहे. ज्वारींत ग्लूटेन नाहीं; म्हणूनच आपल्या गृहिणी आधणाचें पाणी घालून भाकरीच्या पिठास चिकटपणा आणतात. फुगीर पाव करावयाचा तर तेवढ्यानें भागत नाहीं, आणि असे पाव लवकर कोरडे होऊन त्यांचा भुगा होतो. ज्वारीच्या पिठांत साखर घालून वाइसेलाकडून तें आंबविलें असतां खमीरांत डेक्स्ट्रन तयार होतें व पावाचा गर अधिक मऊ राहतो, असें प्रयोगांत दिसून आलें आहे.